पटावरची तांबडी रेघ

मंडळीचा पट माझ्याकडे असतो,
खानापुरात, स्टेशन रोडच्या खोलीत,
लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात.
अनुक्रमांक एकशे बारा : सीलास भरमा कुंभार,
कौलांच्या भट्टीवर कामाला.
नावावर आडवी तांबडी रेघ.
रेघ माझ्या हातची.

ठराव पंचांचा होता.
बेंजामिन हंचिनमनींनी मांडला, मी अनुमोदन दिलं,
चहा येईस्तोवर विषय संपलाही.
कारण : ‘सौंदत्तीच्या डोंगरावर गेला.’
सालोमीचा ताप एकवीस दिवस उतरत नव्हता,
हे त्या रकान्यात मावलं नसतं.
नंतर उतरला.
कुणामुळे, ते विचारायला आमच्यातलं कोणी गेलं नाही.

कपाळभर भंडारा लावून तो बसमधून उतरला
तेव्हा मी स्टँडवरच होतो.
तो ‘सलाम’ म्हणाला.
मी घड्याळ बघितलं.

त्याचा बाप्तिस्मा मला लख्ख आठवतो.
जानेवारी, मलप्रभा, पुलाच्या अलीकडे,
शेवाळावरून पाय सटकला, धार ओढीची.
पाळकांनी मनगट धरलं. हात नव्हे, मनगट.
चार दिवस नखांचे वळ होते
आणि भट्टीवर तो ते दाखवत हिंडायचा :
‘मी कुटं धरलोतो?
त्येनीच धरलेत की.’

हेच पाणी पुढं वळणं घेत घेत
सौंदत्तीजवळच्या धरणात साठतं.
ज्यात त्याला बुडवला
त्याच्याच वाटेनं तो गेला.
मग कुठल्या मैलाच्या दगडाशी
ते पाणी आमचं राहिलं नाही?

आम्ही सीमेवरची माणसं, रेघा आम्हाला नव्या नाहीत.
माझ्या आजोबांचं घर एक वीतही हललं नाही
आणि राज्य बदललं.
मतदारयादीत कन्नडात सीलासचा शिलप्पा झालेला,
रेशन कार्डावर शैलास.
तिन्ही नावांना तो ‘ओ’ द्यायचा.
वरच्या पुस्तकात कुठल्या लिपीत लिहिलंय कोण जाणे.
आणि लिहिणाऱ्याजवळ
तांबडी शाई असते का?

हंचिनमनी म्हणतात, तो मुळात आमचा नव्हताच.
पाळक म्हणतात, होता, पण गमावून बसला.
दोघांच्याही बोटाखाली वचन असतं,
आणि दोघांचीही बोटं कापतात,
वयामुळे असेल.

सीलासला एकदा मीच विचारलं होतं, भट्टीच्या धगीत.
विळ्याची धार बघावी तसं कौल निरखत म्हणाला,
‘भाजल्याली माती परत चिखल होत न्हाई.
फुटतंय. चिखल तेवढा न्हाई होत.’
मला बरं वाटलं.
मग मागचा फुटक्या कौलांचा ढीग दिसला,
त्यावर गवत आलेलं,
आणि ते कोणी उचलून नेत नव्हतं.

शुक्रवारी तो गेला.
सालोमी दारात आली, चप्पल बाहेर काढून,
जसं काही ही खोली कचेरी आहे.
‘आमच्या बाबाला तिथं जागा देतासा काय?’
एवढंच. भंडाऱ्याबद्दल ती बोलली नाही,
मीही नाही.

पट काढला.
रेघ खोडायची म्हटली तर
रेघेवर आणखी रेघ मारावी लागते,
आणि नाव होतं तेवढंही दिसेनासं होतं.
ब्लेडनं खरवडलं तर कागद फाटणार,
मागच्या पानावर माझ्या आईचं नाव आहे.
खिडकीशी उजेडाला धरून बघितलं :
शाई तांबडी खरी, पण पातळ.
खालचं सीलास स्वच्छ वाचता येतं.

ठरावाची वाट न बघता मी गेलो.
खाटेवरून पेटीत उचलताना
त्याचं मनगट माझ्या मुठीत आलं,
मातीनं चिरा पडलेलं, थंड.
तो काहीच धरत नव्हता.
मी धरलो.